मंगळवारचं वजन

"आज इकडे कुठे लग्न आहे का रे, लटारी?" बाबांनी विचारलं.

लटारीदादा ट्रॉली ढकलत रुळावरून अनवाणी पळत होता. ट्रॉलीनं वेग घेतला तसा तो मागच्या फळीवर उडी मारून बसला, दम घेतला आणि म्हणाला, "मंगळवार हाये, साहेब. बाजार."

"बाजार दर मंगळवारी असतो. दर मंगळवारी हे लोक गाडीनं जातात."

रुळांच्या कडेच्या पायवाटेवरून माणसांची लांबलचक रांग चालली होती. बायकांच्या डोक्यावर मोहफुलांच्या टोपल्या, पुरुषांच्या खांद्यावर कावडी, एका म्हाताऱ्याच्या हातात दोन कोंबड्या उलट्या लटकवलेल्या. एप्रिल महिना होता. सकाळचे साडेसहाच वाजले होते, पण चालणाऱ्यांच्या पाठी घामानं ओल्या झाल्या होत्या. बाबांनी छत्रीच्या कडेखालून सगळ्यांकडे नीट पाहिलं. मी त्यांच्या शेजारी मांडीवर वही घेऊन बसले होते आणि वहीत बघत होते.

रांगेत गिरजाबाई होती. आवळखेडीहून दर बाजाराला मोह आणि लाखोळीची डाळ घेऊन येणारी. तिनं टोपलीखालून एक हात वर केला.

"राम राम, साहेब."

"राम राम. गाडी चुकली का, गिरजाबाई?"

"नाई जी. गाडी तं मागून येऊनच राहिली. आमी आज पायीच. पाय आखडले होते."

असं म्हणून ती माझ्याकडे बघून हसली. मी मान आणखी खाली घातली.

ट्रॉली पुढे गेली. थोड्या वेळानं बाबा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सगळ्या गावाचे पाय एकाच दिवशी आखडले."

मी वीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की मी आमची गाडी वाचवली आहे.

*

आवळखेडीच्या खाणीपासून जंक्शनपर्यंतचा एकतीस किलोमीटरचा तो लोहमार्ग सरकारी नव्हता. चुनखडीच्या एका कंपनीनं तो आपल्या कामासाठी टाकला होता आणि बाबा, म्हणजे मनोहर वैरागडे, त्याचे इन्स्पेक्टर होते. रूळ, स्लीपर, खडी, दोन पूल, हे सगळं त्यांच्या ताब्यात. त्या मार्गावरून तीन जणांच्या गाड्या जात. कंपनीच्या स्वतःच्या चुनखडीच्या मालगाड्या, शेजारच्या कोळसा खाणीच्या मालगाड्या, आणि रेल्वेची दोन डब्यांची छोटी रेलकार. रेलकार सकाळ-संध्याकाळ मिळून चार फेऱ्या मारायची. तिला आम्ही नुसतं 'गाडी' म्हणायचो, कारण आमच्यापुरती दुसरी गाडीच नव्हती. रस्ता होता, पण मधल्या नदीवर पूल नव्हता. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत एसटी यायची नाही.

मी त्याच गाडीनं जंक्शनच्या कॉलेजात जात होते. बी.एस्सी.चं एक वर्ष उरलं होतं. गाडी बंद झाली तर काय, हे घरात ठरलेलंच होतं. वर्ध्याचं एक स्थळ आलेलं होतं आणि आईनं त्यांना 'एक वर्ष थांबता का' असं विचारलं होतं. थांबायचं कारण नाहीसं झालं असतं तर थांबणंही संपलं असतं.

त्या वर्षी करार नव्यानं व्हायचा होता. कोणत्या गाडीनं मार्ग वापरण्याचे किती द्यायचे, ते कंपनीला ठरवायचं होतं. मुख्य कचेरीतून सबनीस साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता. घाईत असायचा, एवढंच. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दिवसाला नऊ फेऱ्या होतात, त्यातल्या चार रेलकारच्या, तर देखभालीचा खर्च नऊ भागांत वाटा आणि चार भाग रेलकारला लावा.

"आणि रेल्वे ते देईल?" बाबांनी विचारलं होतं.

"नाही दिलं तर गाडी बंद करतील. आपल्याला काय?"

"आपल्याला एवढंच की हिशेब चुकीचा आहे."

हे बोलणं बाबांनी घरी जेवताना सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तुमची पोरगी त्या गाडीनं जाते, म्हणून हिशेब चुकीचा." बाबा म्हणाले, "लोक हेच म्हणणार. म्हणून तर नीट मोजायला हवं."

आणि ते मोजू लागले. सुट्टी होती, माझं अक्षर बरं होतं, म्हणून आकडे लिहून घ्यायला मला ट्रॉलीवर घेऊ लागले. लटारीदादानं माझ्यासाठी बाकावर घोंगडीची घडी टाकली आणि उरलेल्या तीन ट्रॉलीमनपैकी दोन दिवस कुणीच शिव्या दिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना जमेना.

एकदा बाबांनी मला आवळखेडीच्या वळणाजवळ खाली बसवलं. स्लीपरशेजारी खडीत एक खुंटी ठोकली आणि तिला पट्टी बांधली. चुनखडीची मालगाडी आली तेव्हा आम्ही सगळे बाजूला झालो. जमीन हलत होती. एकेक चाक वरून गेलं की रूळ दबायचा आणि परत वर यायचा, पट्टीवर स्पष्ट दिसत होतं. तासाभरानं रेलकार आली. मी डोळे ताणून पट्टीकडे बघत राहिले.

"किती?" बाबांनी विचारलं.

"दिसलंच नाही."

"बघ. सबंध बाजार आत बसला तरी रुळाला कळत नाही. चाकावरचं ओझं दुप्पट झालं तर रूळ दुप्पट झिजत नाही, आठ-दहा पटीनं झिजतो, कधी त्याहून जास्त. मग फेऱ्या मोजून काय कळणार?"

"मग काय मोजायचं?"

"गाडी म्हटली की एकच विचारायचं. ही गेली नसती तर काय वाचलं असतं? तेवढं तिच्याकडून घ्यायचं. झीज तिच्या चाकांची. आणि जे फक्त तिच्यासाठी ठेवलंय ते, फलाटावरचे दिवे, फाटकावरचा माणूस, तेही तिच्याच नावावर. त्यात दयामाया नाही. पण पूल, भराव हे तसेही असणारच आहेत. ते ज्याच्या-त्याच्या वजनाप्रमाणे वाटायचे."

सबनीस साहेबांनी अखेर वजनाचं तत्त्व मानलं, पण एका अटीवर. गाडी कागदावर नाही, काट्यावर मोजायची. धामणपेठला कंपनीच्या कारखान्याजवळ मालडबे तोलायचा काटा होता. मंगळवारी, धामणपेठच्या बाजाराच्या दिवशी, गाडी सर्वांत भरलेली असते. त्या दिवशी सकाळची गाडी तोलायची आणि जो आकडा येईल तो लिहायचा.

रेल्वेच्या विभागीय कचेरीचं पत्र घरी बाबांच्या टेबलावर उघडं होतं. मी ते वाचलं. आकारणी अमुक रकमेच्या आत बसली तरच सेवा चालू ठेवता येईल, असं त्यात होतं. मी मनात गणित केलं. वजन जितकं कमी, आकारणी तितकी कमी. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. कॉलेजची पुस्तकं परत करायला जाताना गाडीत मी गिरजाबाईला सांगितलं.

"म्हंजे आमी बसलो तं गाडी महाग?" तिनं विचारलं.

"फक्त पुढच्या मंगळवारी."

"मंग नाई बसत. त्यात काय."

तिनं ते किती जणांना सांगितलं मला माहीत नव्हतं. ट्रॉलीवरून ती रांग बघेपर्यंत मला वाटत होतं, दहा-वीस जण उतरतील. आवळखेडी, दहेली, मांगली, तिन्ही गावं डोक्यावर ओझी घेऊन अकरा किलोमीटरपर्यंत चालत निघाली होती.

*

काट्यापाशी सबनीस साहेब जीपच्या सावलीत उभे होते. शेजारी रेल्वेचे एक वाहतूक अधिकारी, हातात फाईल. काट्याच्या खोलीत लोणारे बाबू. गाडी हळूहळू आली. आधी पुढचा डबा काट्यावर घेतला, मग मागचा.

"रिकामी शेहेचाळीस टनांची," लोणारे बाबू खिडकीतून म्हणाले. "आत्ता शेहेचाळीस टन आठशे किलो."

सबनीस साहेब डब्यात चढले आणि लगेच उतरले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"वैरागडे, बारा माणसं. त्यातले दोघं झोपलेत. ही तुमची बाजाराची गाडी?"

बाबांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"तुमचं म्हणणं खरं ठरलं. हिनं रूळ काय झिजणार? लावा हवं तर कमीत कमी आकारणी." ते रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे वळले. "पण साहेब, तुमच्या पत्रातली दुसरी अट?"

अधिकाऱ्यांनी फाईलमधलं तेच पत्र काढलं. त्याला दुसरं पान होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं. बाजाराच्या दिवशी किमान शंभर प्रवासी नसल्यास आकारणी कितीही असली तरी सेवा चालू ठेवण्याचं कारण उरत नाही.

मी पहिलंच पान वाचलं होतं.

काट्याच्या पलीकडे बाजाराच्या वाटेवर माणसांची रांग पोहोचत होती. गिरजाबाईनं टोपली खाली ठेवली होती आणि पदरानं मान पुसत ती आमच्याकडे बघत होती. काम झालं का, असं विचारत असल्यासारखी. माझ्या हातातल्या वहीत मी शेहेचाळीस टन आठशे लिहिलेलं होतं.

बाबांनी ती रांग पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"हे मापन मी लिहिणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"चुकलंय. लोकांना आधीच कळलं होतं. गाडी हलकी भरावी म्हणून ते पायी आलेत. ते बघा."

सबनीस साहेबांनी मागे वळून पाहिलं. त्यांचं हसू गेलं. "कुणी कळवलं?"

"माझ्या मुलीनं," बाबा म्हणाले. "ही निर्मला. हिला याच गाडीनं कॉलेजला जायचं असतं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. लोणारे बाबू खिडकीतून अर्धे बाहेर आले. फक्त लटारीदादानं मान दुसरीकडे फिरवली. मला रडू आलं नाही. माझ्या बापानं मला चारचौघांत उभं केलं, एवढंच मला समजलं.

सबनीस साहेब बाबांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "कचेरीचा कागद घरात वाचला जातो, हे तुम्ही मला तोंडावर सांगताय?"

"हो."

"मग पुढच्या मंगळवारी पुन्हा तोलू. पण तुम्ही काट्याच्या जवळ यायचं नाही. तुमची मुलगी नाही, तुमची ट्रॉली नाही, कुणी नाही. आणि या प्रकाराची नोंद होईल."

"होऊ द्या," बाबा म्हणाले.

*

पुढचे सहा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आमच्या घरात अबोला धरायची रीत नव्हती, त्यामुळे तो कसा धरतात हेही कुणाला नीट माहीत नव्हतं. बाबा समोर आले की मी पुस्तक उघडायची. ते पाणी मागायचे, मी द्यायची. आई दोघांकडे बघून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी जरा जास्त वाजवायची.

सोमवारी दुपारी मी ओसरीवर बसले होते. बाबा ट्रॉलीची छत्री दुरुस्त करत शेजारी येऊन बसले. काडी वाकली होती, ते ती सरळ करत होते.

"नाव घेतलं म्हणून राग आहे?"

मी पान उलटलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मलाही आला असता."

"दुसरं काहीतरी कारण सांगता आलं असतं," मी म्हटलं. सहा दिवसांनी आवाज जरा चिरका निघाला.

"सुचलं नाही. खोटं कारण शोधायला वेळ लागतो. ते लोक समोर उभे होते."

मला हसू येत होतं म्हणून मी आणखी रागावले. "मी गाडी वाचावी म्हणूनच केलं ना?"

"म्हणून तर म्हणतो. वाचली नसती. तो आकडा मी लिहिला असता तर फुकटात धावायला तयार असलेली रिकामी गाडी झाली असती ती. फुकट असली तरी रिकामी गाडी कोण चालवेल?" त्यांनी काडी पुन्हा वाकवून पाहिली. "आणि दुसरं. ती माणसं अकरा किलोमीटर चालली, निमू. डोक्यावर वीस-वीस किलो घेऊन. त्यांनी ओझं उचललं आणि माझ्या कागदावर ते शून्य लागलं असतं. असं कसं लिहू?"

मी पुस्तक मिटलं.

"नोंद झाली म्हणजे काय होईल?" मी शेवटी विचारलं.

"फाईलमध्ये एक कागद वाढेल. फाईल तशीही जाड आहे."

संध्याकाळी लटारीदादा आला. ओसरीच्या पायरीवर बसून म्हणाला, "साहेब, गावात लोक विचारून राहिले. उद्या भरून जायचं का रिकामं? एकदाचं काय ते सांगा म्हन्ते."

"बाजाराला जातात तसं जा म्हणावं. ना जास्त, ना कमी."

"सांगतो. पन गिरजाबाई म्हन्ते, वैरागडे साहेबाच्या पोरीपायी पायाले फोड आले, आता तं मी नातवायलेही घेऊन बसतो."

"नेहमी नेते का नातवंडं?"

लटारीदादानं विचार केला. "कधी कधी."

"मग ने म्हणावं," बाबा म्हणाले.

*

मंगळवारी सकाळी बाबांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल."

"कुठे? काट्यापाशी यायचं नाही आपण."

"काट्यापाशी कोण जातंय? बाजाराला जायचंय. तुझी आई भोपळा आण म्हणाली."

आईनं भोपळा सांगितला नव्हता. ती दारात उभी राहून हसत होती.

स्टेशनवर बाबांनी खिडकीपाशी रांगेत उभं राहून धामणपेठची दोन तिकिटं काढली. तिकीटबाबू गोंधळला. बावीस वर्षं त्या मार्गाचा प्रत्येक रूळ त्यांनी हातोडीनं वाजवून पाहिला होता, पण त्या गाडीत ते कधी बसले नव्हते. त्यांचा प्रवास नेहमी ट्रॉलीवरून. दारातून चढताना त्यांनी आधी डावा पाय उचलला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"असे या जी," गिरजाबाईनं मांडीवरचा नातू सरकवून जागा केली. "आज कसे आमच्यात?"

"पाय आखडले होते," बाबा म्हणाले.

सबंध डबा हसला.

दहेलीला आणखी लोक चढले. मांगलीला तर दारात लोंबकळले. टोपल्या, कावडी, कोंबड्या, एक शिवणयंत्र, बकऱ्या, नवरदेवाचा फेटा पेटीत घालून नेणारा एक मामा. मोहाच्या वासानं डोकं जड झालं. बाबा खिडकीशी अंग चोरून बसले होते आणि मांडीवर एका अनोळखी बाईचं पोरगं होतं. रुळांचा सांधा आला की ते मान किंचित हलवून मोजायचे. "एकशे बारा," ते मधेच पुटपुटले. "इथली खडी बसलीय." काही अंतर गेल्यावर मला म्हणाले, "आतून वेगळंच ऐकू येतं."

काट्यावर गाडी थांबली. सगळे एकदम गप्प झाले. कुणीतरी म्हणालं, "श्वास रोका रे," आणि एक म्हातारी म्हणाली, "कायले? जास्त भरलं पाहिजे आज, सोडा श्वास." पुन्हा हशा. गाडी एक डबा पुढे सरकली, पुन्हा थांबली.

खिडकीतून लोणारे बाबूंचा आवाज आला. "एकसष्ट टन चारशे. माणसं दोनशे आठ."

सबनीस साहेब डब्याच्या दाराशी आले. माणसं बघत, बकऱ्या बघत त्यांची नजर आमच्या बाकावर येऊन थांबली.

"वैरागडे. मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"काट्याच्या जवळ यायचं नाही." बाबांनी तिकीट दाखवलं. "मी जवळ नाही. वर आहे."

रेल्वेचे अधिकारी खोकल्यासारखं करून दुसरीकडे वळले. सबनीस साहेब मात्र हट्टाला पेटले होते. "हे चालणार नाही. तुमचं आणि मुलीचं वजन यातून वजा होईल. उतरा खाली. लोणारे, पोत्यांचा काटा काढा."

बाजाराच्या तोंडाशी, दोनशे माणसांसमोर, माझे वडील पोती तोलायच्या काट्यावर उभे राहिले. चप्पल काढून, हात बाजूला सोडून, शाळेतल्या मुलासारखे. वजनं लटारीदादा टाकत होता. तो सकाळपासून कुठे होता आणि कसा आला, कुणी विचारलं नाही. त्यानं वीसची तीन टाकली, एक पाचचं टाकलं. दांडी सरळ झाली.

"पासष्ट किलो," लटारीदादा ओरडला. असं की फाटकापर्यंत ऐकू जावं.

मग मी उभी राहिले. माझे शेहेचाळीस. सबनीस साहेबांनी स्वतःच्या हातानं एकशे अकरा किलो वजा केले.

"लिहा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "वैरागडे, एकसष्ट टन म्हणजे चाकाच्या एका जोडीवर किती?"

"साडेसात टनांच्या आसपास. आपल्या मालडब्याचे वीस."

सबनीस साहेबांनी मान हलवली. त्यांना हिशेब येत होता, घाईत नसले की.

घरी येताना बाबांनी खरोखरच भोपळा घेतला. पाच किलोचा. परतीच्या गाडीत तो मांडीवर ठेवून म्हणाले, "हा वजा करायला कुणी नाही आता."

*

आकारणी अटीच्या आत बसली. गाडी पुढे सात वर्षं चालली, नदीवर पूल होऊन एसटी बारमाही होईपर्यंत. मी बी.एस्सी. झाले, मग संख्याशास्त्रात एम.एस्सी., आणि तीस वर्षं नागपूरला तोच विषय शिकवला. पहिल्या तासाला मी मुलांना एक गोष्ट सांगायची. एका माणसाला गाडीचं वजन करायचं होतं आणि लोकांना ते आधीच कळलं. मग काय झालं असेल, सांगा. मुलगी कोण होती ते मी कधी सांगितलं नाही.

बाबांची ती नोंद फाईलमध्ये राहिली. ते शेवटपर्यंत इन्स्पेक्टरच होते. त्यांनी कधी त्याचा उल्लेख केला नाही आणि मी विचारलं नाही. काही गोष्टी आम्हा दोघांना न विचारता माहीत असत.

गेल्या पौषात ते गेले. शेवटचे तीन आठवडे दवाखान्यात होते. रोज सकाळी नर्स पलंगाला लावलेल्या यंत्रावर वजन बघून तक्त्यावर लिहायची. मी तक्त्याकडे बघायची नाही, पण आकडे दिसतातच. शेवटचा आकडा त्रेचाळीस होता.

घाटावर लाकडांच्या वखारीपाशी धाकटा भाऊ आणि मी उभे होतो. लटारीदादा आला होता. ऐंशीच्या घरात असेल, नातवाच्या मोटारसायकलवर बसून सत्तर किलोमीटर आला होता. पायात चप्पल होती, ती त्यानं वखारीच्या दारातच काढून ठेवली.

वखारवाल्यानं वही उघडली. "वजन किती असंल?" त्यानं विचारलं. "त्या मानानं लाकडं देतो."

भाऊ म्हणाला, "त्रे..."

"पासष्ट," मी म्हटलं.

भावानं माझ्याकडे पाहिलं. "ताई, दवाखान्यात..."

"पासष्ट लिहा."

वखारवाला पेन धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. समोर ओट्यावर बाबांना ठेवलं होतं, पांढऱ्या कापडाखाली. ते कापड किती कमी उचललं गेलं होतं, ते त्यालाही दिसत होतं.

"पासष्टच हाये," लटारीदादा म्हणाला. "काट्यावर केलं होतं. वजनं मीच टाकली."

वखारवाल्यानं लिहिलं.

बाबा असते तर म्हणाले असते, मापन चुकलं. मी ती वही त्यांच्यापुढे कशी धरली असती, मला माहीत नाही. लटारीदादा पुढे गेला, ढिगातला एक ओंडका दोन्ही हातांनी उचलला आणि काट्याच्या पारड्यात ठेवला. मग माझ्याकडे एकदा पाहून, दुसरा उचलायच्या आधी, दांडी सरळ होते का बघत थांबला.